रोजचा ताळा आणि संगणकाचे काम

बँकेच्या शाखांमध्ये संगणक येण्यापूर्वीचा काळ ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना संध्याकाळचे एक दृश्य हमखास आठवते. व्यवहारांची वेळ संपली, दर्शनी दार अर्धे लोटले गेले, की रोजकीर्द, खातेवह्या आणि रोखपालाकडील प्रत्यक्ष शिल्लक यांचा मेळ घालण्याचे काम सुरू होई. ताळा जुळला तर सर्वजण वेळेवर घरी जात. न जुळला, तर फरक शंभर रुपयांचा असो वा एका रुपयाचा, दिवसभराची सर्व व्हाउचरे पुन्हा तपासली जात. एका रुपयासाठी दहा माणसांनी तासभर खोळंबून राहावे, हे बाहेरच्याला हास्यास्पद वाटे. परंतु त्यामागे अनुभवसिद्ध शहाणपण होते. आज झालेली चूक आजच्या व्हाउचरांतच दडलेली असते. तीच महिन्याभराने शोधायची तर हजारो नोंदींचा ढीग उपसावा लागतो, आणि तोवर त्या चुकीवर आणखी चार चुकांचे मजले चढलेले असतात.

बँकिंगला शतकापूर्वी उमगलेले हे तत्त्व संगणकाच्या आज्ञावली, म्हणजेच सॉफ्टवेअर, तयार करणाऱ्या उद्योगाच्या गळी उतरायला मात्र बराच काळ जावा लागला. ‘अजाइल’ या नावाने आज जी कार्यपद्धती जगभर ओळखली जाते, तिचा गाभा एका वाक्यात सांगायचा तर तो ‘रोजचा ताळा’ हाच आहे. काम लहान लहान भागांत करावे, प्रत्येक भाग वापरणाऱ्याच्या हाती देऊन तपासावा, चूक लहान असतानाच सुधारावी आणि मग पुढे जावे. तत्त्व इतके सोपे, तर मग मोठमोठ्या संस्थांना त्याकडे वळताना एवढे कष्ट का पडतात? अडचण तंत्रज्ञानाची आहे की माणसांची? बँकांचे बहुतेक सर्व व्यवहार संगणकावर विसंबून असताना हा प्रश्न केवळ अभियंत्यांचा राहत नाही. खिडकीवरील कर्मचारी आणि खिडकीपलीकडचा ग्राहक या दोघांशीही त्याचा थेट संबंध आहे.

धबधब्याची रीत

सॉफ्टवेअर बांधण्याची जुनी रीत इमारत बांधण्यासारखी होती. आधी सर्व गरजांची नोंद, मग आराखडा, मग प्रत्यक्ष लेखन, त्यानंतर चाचणी आणि सरतेशेवटी हस्तांतरण. पाणी एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर पडावे आणि मागे फिरू नये, तसा हा क्रम असल्याने तिला ‘वॉटरफॉल’ अर्थात धबधबा असे नाव पडले. या पद्धतीचे मूळ विन्स्टन रॉइस या अमेरिकी अभियंत्याच्या १९७० सालच्या एका निबंधात सांगितले जाते. गंमत अशी, की रॉइस यांनी हा सरळ उतरता क्रम काढून दाखविला खरा, पण त्यातील धोकाही तेथेच स्पष्ट केला होता. चाचणी अगदी शेवटी होत असल्यामुळे मूलभूत दोष फार उशिरा कळतात आणि बरेचसे काम पुन्हा करावे लागते, हे त्यांनी लिहून ठेवले होते. उद्योगजगताने त्यांचे चित्र उचलले आणि इशारा मागे सोडला.

भारतात या रीतीला आणखी एक आधार मिळाला. १९९० नंतरच्या दशकात परदेशी ग्राहकांचा विश्वास संपादन करण्यासाठी भारतीय कंपन्यांनी अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सॉफ्टवेअर अभियांत्रिकी संस्थेने आखलेल्या ‘क्षमता परिपक्वता’ मानकाची कास धरली. त्यातील सर्वोच्च, म्हणजे पाचवी पातळी गाठणाऱ्या जगातील पहिल्या काही केंद्रांत मोटोरोलाच्या बंगळुरू येथील केंद्राचा समावेश होता. हजारो मैलांवरचा, कधीही न भेटलेला ग्राहक काम सोपवितो तो लेखी शिस्तीच्या भरवशावर, हे त्या काळाचे वास्तव होते. त्या शिस्तीला आज नावे ठेवणे कृतघ्नपणाचे ठरेल. परंतु तिचा एक परिणाम असा झाला, की योजनेबरहुकूम काम पार पाडणे हेच व्यवस्थापकाच्या कर्तबगारीचे माप बनले. तयार झालेली वस्तू ग्राहकाला उपयोगी पडली की नाही, हा प्रश्न मागे पडला.

पश्चिमेत या विचाराला छेद देणारे प्रयोग त्याच सुमारास सुरू झाले होते. हिरोताका ताकेउची आणि इकुजिरो नोनाका या जपानी अभ्यासकांनी १९८६ मध्ये नव्या उत्पादनांची घडण रग्बीच्या खेळासारखी, एकसंध संघाने पुढे सरकत करावी असे मांडले होते. केन श्वेबर आणि जेफ सदरलँड यांनी १९९५ मध्ये ‘स्क्रम’ ही पद्धत मांडली. तिचे नावही रग्बीतूनच आले. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेच्या युटा राज्यातील स्नोबर्ड येथे अशा विचारांची सतरा माणसे एकत्र आली आणि त्यांनी चार सूत्रांचा जाहीरनामा तयार केला. ठरावीक प्रक्रियांपेक्षा माणसे व त्यांचा परस्परसंवाद, जाडजूड दस्तऐवजांपेक्षा चालती प्रणाली, करारातील घासाघिशीपेक्षा ग्राहकाशी सहकार्य आणि योजनेला चिकटून राहण्यापेक्षा बदलाला दिलेला प्रतिसाद यांना अधिक मोल द्यावे, असा त्याचा आशय होता. दस्तऐवज, करार आणि योजना यांनाही मोल आहे, हे त्याच जाहीरनाम्यात नमूद आहे. उत्साही प्रचारक नेमका तेवढा भाग विसरतात.

चाळीस कोटी डॉलरचा धडा

जुन्या रीतीतून नव्या रीतीत येताना नेमके काय घडते, याचे एक बोलके उदाहरण अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेचे, म्हणजे एफबीआयचे आहे. तपासाच्या कागदपत्रांसाठी संगणकीय व्यवस्था उभारण्याचा त्यांचा पहिला मोठा प्रयत्न सुमारे १७ कोटी डॉलर खर्चून २००५ मध्ये सोडून द्यावा लागला. २००६ मध्ये ‘सेंटिनल’ नावाचा दुसरा प्रकल्प एका नामांकित कंपनीकडे सोपविण्यात आला. चार टप्पे, अंदाजे ४२ कोटी ५० लाख डॉलर खर्च आणि २००९ अखेरची मुदत, असा बेत होता. २०१० च्या उन्हाळ्यापर्यंत ४० कोटी ५० लाख डॉलर खर्च झाले होते आणि चारांपैकी दोनच टप्पे हाती आले होते. उरलेले काम त्याच पद्धतीने पुरे करायचे तर आणखी सहा वर्षे आणि किमान ३५ कोटी १० लाख डॉलर लागतील, असा अंदाज एका स्वतंत्र संस्थेने दिला.

अशा वेळी सामान्यतः जे घडते ते म्हणजे आणखी माणसे नेमणे, आणखी बैठका घेणे आणि आणखी कडक अहवाल मागविणे. एफबीआयने उलटा मार्ग धरला. काम स्वतःच्या हाती घेतले, कंत्राटी माणसांची संख्या सुमारे २२० वरून ४० वर आणण्याचे ठरविले आणि अजाइल पद्धत स्वीकारली. कामाची वाटणी दोन आठवड्यांच्या टप्प्यांत झाली. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी जे काही तयार झाले असेल ते प्रत्यक्ष चालवून दाखवायचे, असा दंडक घालण्यात आला. जुलै २०१२ मध्ये सेंटिनल संस्थेत सर्वत्र वापरात आले, आणि उभारणीचा खर्च सुधारित अंदाजपत्रकातील ४५ कोटी १० लाख डॉलरच्या मर्यादेत राहिला.

या कथेत चमत्कार शोधू नये. नव्या पद्धतीनेही मूळ मुदत पाळली गेली नाही. २०११ च्या शरद ऋतूत घेतलेल्या सरावात यंत्रसामग्री अपुरी पडत असल्याचे दिसून आले आणि तारीख पुढे ढकलावी लागली. फरक एवढाच, की दोष आधी दिसला. प्रणाली देशभर सुरू झाल्यावर नव्हे. ताळा न जुळण्याचे प्रसंग नव्या पद्धतीतही येतात. ते त्याच संध्याकाळी लक्षात येतात, यातच तिचे यश आहे.

हैदराबादचा एक लहानसा गट

दुसरे उदाहरण आकाराने लहान, पण भारतीय वाचकाला अधिक जवळचे आहे. २००४ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या अंतर्गत प्रणालींची देखभाल करणारा एक गट हैदराबादेत काम करीत होता. त्याचे व्यवस्थापन अमेरिकेतून होत असे. एखादी लहानशी दुरुस्ती पूर्ण होऊन हाती यायला सरासरी पाच महिने लागत. हा गट कंपनीत सर्वांत असमाधानकारक मानला जात होता. अभियंते आळशी होते किंवा त्यांना काम येत नव्हते, असे मुळीच नव्हते. त्यांच्या कामाच्या पद्धतीचा बारकाईने अभ्यास केल्यावर वेगळेच कारण पुढे आले. येणाऱ्या प्रत्येक नव्या मागणीला किती दिवस लागतील, याचा अंदाज तातडीने काढून देण्याचा नियम होता. हातातले काम बाजूला ठेवून अभियंते अंदाज काढीत बसत, आणि त्यांपैकी बऱ्याच मागण्या पुढे कधीच हाती घेतल्या जात नसत.

डेव्हिड अँडरसन यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे जो बदल झाला, त्यात अभियंत्यांच्या कामाच्या तंत्राला हातही लावण्यात आला नाही. अंदाज काढण्याची प्रथा बंद झाली. एका वेळी किती कामे हाती घ्यायची याला मर्यादा घालण्यात आली. जागा रिकामी झाली की पुढचे काम कोणते घ्यायचे, हे मागणी करणाऱ्या विभागप्रमुखांनी आपसांत ठरवावे असे ठरले. जपानच्या टोयोटा कारखान्यात ताईइची ओहनो यांनी रुजविलेल्या ‘कानबान’ पद्धतीचाच हा अवतार होता. सुमारे नऊ महिन्यांत पाच महिन्यांचा कालावधी दोन आठवड्यांच्या आसपास आला.

या उदाहरणाचा मथितार्थ महत्त्वाचा आहे. विलंबाचे कारण काम करणाऱ्यांच्या हातात नव्हते. ते काम सोपविणाऱ्यांच्या नियमांत होते. कामगार बदलले नाहीत, व्यवस्थापनाने स्वतःचे नियम बदलले. अजाइलकडे वळू पाहणाऱ्या बहुतेक संस्था मात्र याच्या नेमके उलट करतात. प्रशिक्षण कनिष्ठांना दिले जाते, भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या त्यांनी लावायच्या असतात, आणि वरिष्ठांचे मागण्या करण्याचे, तारखा देण्याचे आणि अहवाल मागविण्याचे नियम जसेच्या तसे राहतात.

व्यवस्थापकाचे दुःख

संक्रमणाची खरी कसोटी मधल्या फळीतील व्यवस्थापकापाशी लागते. वीस वर्षे ज्याने कामाची वाटणी केली, प्रत्येकाकडून दिवसाचा हिशेब घेतला, योजनेचे तक्ते सांभाळले, त्याला एके दिवशी सांगण्यात येते की यापुढे गट आपले काम आपणच ठरवील. त्याच्या मनात पहिला प्रश्न उमटतो तो हाच, की ‘मग माझे काम काय?’ या प्रश्नाला सन्मानपूर्वक उत्तर न देता कोणतीही संस्था पुढे जाऊ पाहील, तर तो व्यवस्थापक उघड विरोध करणार नाही; पण मनापासून साथही देणार नाही. त्याला अडथळा ठरवून मोकळे होणे सोपे आहे. वस्तुतः संस्थेचे व्यवहार, जुन्या प्रणालींतील खाचाखोचा आणि नियामकाचे बारकावे यांची सर्वाधिक जाण त्याच्याकडेच असते.

त्याच्या प्रश्नाचे उत्तर असे देता येईल. गटाच्या वाटेतील अडथळे दूर करणे, हे त्याचे पहिले काम. दुसऱ्या विभागाची परवानगी अडली आहे, चाचणीसाठी यंत्र मिळत नाही, सुरक्षा विभागाचा अभिप्राय महिनाभर रखडला आहे, अशा गाठी कनिष्ठ अभियंत्याला सोडविता येत नाहीत, व्यवस्थापकाला येतात. काय करायचे नाही हे ठरविणे, हे दुसरे काम. दहा विभागांच्या दहा तातडीच्या मागण्या आल्या असता नऊ जणांना ‘आता नाही’ असे सांगण्यासाठी अधिकार लागतो आणि धैर्यही लागते. तिसरे काम माणसे घडविण्याचे. ही तिन्ही कामे तक्ते भरण्यापेक्षा अवघड आणि अधिक प्रतिष्ठेची आहेत. मात्र बढती आणि वार्षिक मूल्यमापन यांचे निकष जोवर तक्त्यांनाच बांधलेले आहेत, तोवर भाषणांचा उपयोग नाही. माणूस काय ऐकतो यापेक्षा त्याला कशाचे गुण मिळतात, त्यानुसार वागतो.

भारतीय कार्यालयांत आणखी एक अडचण आहे. वरिष्ठांना नाही म्हणणे येथे उद्धटपणाचे मानले जाते. साहेबांनी तारीख विचारली, की ‘होईल सर’ हे उत्तर तयार असते. परिणामी कामाचा अहवाल कलिंगडासारखा होतो. बाहेरून हिरवागार, आतून लाल. गटप्रमुखाला ठाऊक असलेला धोका विभागप्रमुखापर्यंत पोचताना ‘किरकोळ अडचण’ होतो आणि सरव्यवस्थापकांच्या मेजावर ‘प्रगती समाधानकारक’ बनतो. अशा वातावरणात रोज सकाळी पंधरा मिनिटे उभ्याने घ्यावयाची बैठक ही हजेरी होऊन बसते. काल काय केले आणि आज काय करणार, याचा पाढा प्रत्येकजण साहेबांकडे पाहून म्हणतो. वास्तविक तो सहकाऱ्यांकडे पाहून सांगायचा असतो. बैठक तीच, शब्द तेच, पण प्राण निघून गेलेला.

टोयोटाच्या कारखान्यात दोष दिसताच कोणताही कामगार दोरी ओढून जुळवणीची रांग थांबवू शकतो, हे सर्वश्रुत आहे. दोरी टांगणे स्वस्त आहे. ती ओढणाऱ्याला ‘काम का थांबविलेस’ असे न विचारता ‘काय दिसले’ असे विचारणारा वरिष्ठ घडविणे महाग आहे. अजाइलकडे होणाऱ्या वाटचालीचा बहुतेक सर्व खर्च येथेच आहे.

बँकेला हे परवडेल का?

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो गांभीर्याने घेण्याजोगा आहे. बँकेत लोकांचा पैसा असतो. येथे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत, लेखापरीक्षण आहे, करणारा एक आणि तपासणारा दुसरा हा अनुल्लंघनीय दंडक आहे. ‘करून पाहू, चुकले तर सुधारू’ ही वृत्ती येथे कशी चालेल?

या आक्षेपाचे उत्तर ब्रिटनमधील टीएसबी बँकेच्या अनुभवात आहे. एप्रिल २०१८ मध्ये एका शनिवार-रविवारच्या अवधीत या बँकेने आपल्या सुमारे ५२ लाख ग्राहकांची खाती जुन्या प्रणालीवरून नव्या प्रणालीवर बहुतांशी एकाच दमात हलविली. माहिती सुखरूप पोचली, परंतु नवी प्रणाली ताण सोसू शकली नाही. सुमारे १९ लाख ग्राहकांना आपल्या खात्यात प्रवेश मिळेनासा झाला. सर्व शाखांना झळ बसली आणि कामकाज पूर्ववत व्हायला डिसेंबर उजाडला. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी त्याच वर्षी पद सोडले. डिसेंबर २०२२ मध्ये तेथील नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड केला. ज्याला सावध आणि नियोजनबद्ध समजले जाते ते एकाच मोठ्या उडीचे धोरण किती धोक्याचे असू शकते, हे या प्रसंगाने दाखवून दिले.

याच्या तुलनेत भारतीय बँकांनी संगणकीकरणाची वाट कशी चालली, ते आठवून पाहावे. १९८४ च्या रंगराजन समितीच्या अहवालानंतर शाखांमध्ये यंत्रे येऊ लागली, तेव्हा नोकऱ्या जातील ही भीती होती, संघटनांशी वाटाघाटी होत होत्या आणि अविश्वासही होता. तरीही काम पुढे गेले, कारण ते शाखा-शाखा करीत गेले. हस्तलिखित खातेवही आणि यंत्रावरील नोंद दोन्ही समांतर चालत. दोन्हींचा ताळा जुळत राहिल्यावरच वही मिटली जाई. पुढे कोअर बँकिंग आले तेही एकेका शाखेला जोडून घेत. पहिल्या शाखांत जे चुकले ते पुढच्या शाखांत टळले. ‘अजाइल’ हा शब्दही ज्यांनी ऐकला नव्हता, त्या कर्मचाऱ्यांनी त्यातील तत्त्व आचरणात आणले होते. तेव्हा ही पद्धत बँकांच्या प्रकृतीला मानवणार नाही, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही.

लहान टप्प्यांत काम करणे म्हणजे तपासणी टाळणे नव्हे. उलट ती वारंवार करणे होय. वार्षिक तपासणी आणि समवर्ती लेखापरीक्षण यांतील फरक बँक कर्मचाऱ्यांना समजावून सांगण्याची गरज नाही. वर्षाअखेरीस एकदाच येणारा तपासनीस झालेली चूक नोंदवितो. शाखेत रोज बसणारा लेखापरीक्षक ती वाढण्यापूर्वी दाखवितो. सुरक्षा आणि अनुपालन विभागांची माणसे सुरुवातीपासून गटात बसली, तर शेवटच्या आठवड्यात ‘हे चालणार नाही’ असे म्हणण्याची वेळ त्यांच्यावर येणार नाही. आवश्यक दस्तऐवजही ठेवलेच पाहिजेत. केवळ कुणीही वाचणार नाही असे दस्तऐवज वगळायचे.

परिस्थितीही आता पूर्वीची राहिलेली नाही. डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी आणि डिसेंबर २०२० पासून आरटीजीएस अहोरात्र सुरू आहे. यूपीआयवरील व्यवहारांनी ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यात २००० कोटींचा टप्पा ओलांडला. रविवारी रात्री दुकान बंद करून मोठी दुरुस्ती करावी, असा रविवार आता उरलेला नाही. चालत्या गाडीचे चाक बदलायचे तर ते एका वेळी एकच बदलावे लागते.

नक्कल नको, मर्म हवे

नेदरलँड्समधील आयएनजी बँकेचे उदाहरण परिषदांमधून वारंवार दिले जाते. २०१५ मध्ये या बँकेने मुख्यालयातील सुमारे ३५०० कर्मचाऱ्यांची जुनी विभागरचना मोडून नऊ-नऊ जणांचे सुमारे ३५० गट केले. विपणन, उत्पादन आणि माहिती तंत्रज्ञान यांतील माणसे एकाच गटात आली. हे ऐकायला आकर्षक आहे. परंतु त्यासाठी प्रत्येकाला नव्याने पदासाठी अर्ज करावा लागला आणि जाणकार असूनही नव्या वृत्तीत न बसणारी काही माणसे बँकेला गमवावी लागली, ही बाजूही सांगितली पाहिजे. सेवाशाश्वती, ज्येष्ठता आणि बदल्यांचे धोरण असलेल्या भारतीय सार्वजनिक बँकेत हे जसेच्या तसे आणणे शक्य नाही आणि इष्टही नाही. तेथील आराखडा घेण्यापेक्षा ज्याला गरज ठाऊक आहे आणि ज्याला ती पुरविता येते, त्यांना शेजारी बसविण्याचे मर्म घ्यावे.

गरज ठाऊक असलेली ही व्यक्ती मुख्य कार्यालयात क्वचितच सापडते. ती शाखेच्या खिडकीवर असते. निवृत्तिवेतनधारकांच्या हयातीच्या दाखल्याचे उदाहरण घेता येईल. दर नोव्हेंबरात शाखांमध्ये ज्येष्ठांची रांग लागते. नोव्हेंबर २०१४ मध्ये ‘जीवन प्रमाण’ ही डिजिटल सोय आली आणि बोटांच्या ठशांवरून ओळख पटू लागली. परंतु उतारवयात ठसे पुसट होतात, यंत्र ते ओळखीत नाही, आणि ऐंशी वर्षांचे आजोबा पुन्हापुन्हा बोट पुसून यंत्रावर टेकवीत राहतात, हे खिडकीवरील कर्मचाऱ्याने पहिल्याच दिवशी पाहिलेले असते. चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची सोय नोव्हेंबर २०२१ मध्ये उपलब्ध झाली. कितीही जाडजूड गरजपत्रक लिहिले, तरी झिजलेल्या बोटाची ही नोंद त्यात आपोआप येत नाही. ती दोन शाखांत, दहा ज्येष्ठांसमोर, लवकरात लवकर करून पाहिलेल्या प्रयोगातूनच येते.

म्हणून कोणत्याही नव्या सुविधेच्या गटात शाखेतील एक अनुभवी कर्मचारी पूर्ण वेळ असावा. महिन्यातून एकदा बैठकीला बोलावून त्याची स्वाक्षरी घेणे पुरेसे नाही. कोणते काम आधी आणि कोणते नंतर, हे ठरविण्याचा अधिकार त्याला असावा. त्याच्या जागी शाखेत बदली माणूस द्यावा लागेल, हा खर्च खरा आहे. परंतु कोणी वापरीत नाही अशी सुविधा बांधण्याचा खर्च त्याहून कितीतरी मोठा असतो. तो कोणत्याही लेखाशीर्षाखाली दिसत नाही, एवढेच.

आरंभ कोठून करावा, याबाबतही तारतम्य हवे. एकाच परिपत्रकाने साऱ्या संस्थेला ‘अजाइल’ घोषित करणे, हे धबधबा पद्धतीनेच धबधबा बंद करण्यासारखे आहे. एक-दोन गट निवडावेत. त्यांतील माणसे वर्षभर तरी हलवू नयेत, कारण परस्परांवरचा विश्वास बदलीच्या आदेशाने येत नाही. या गटांच्या वरिष्ठांना गटाच्या आधी प्रशिक्षण द्यावे. किती आज्ञावली लिहिल्या हे मोजण्याऐवजी, मागणी आल्यापासून ती ग्राहकाच्या हाती पडेपर्यंत किती दिवस गेले ते मोजावे. दर दोन आठवड्यांनी चालती वस्तू पाहायला वरिष्ठांनी स्वतः हजर राहावे. सादरीकरणाची चित्रे पाहून समाधान मानू नये. निविदांच्या अटींचाही विचार व्हावा. तीन वर्षांनंतर लागणाऱ्या प्रत्येक पडद्याचे वर्णन आज लिहून घ्यायचे आणि सर्वांत कमी दर देणाऱ्याला काम द्यायचे, या चौकटीत बदलाला वाव राहत नाही. कामाचे तुकडे पाडून, प्रत्येक तुकडा पसंत पडल्यावर पुढचा सोपवावा असे करार करता येतात. त्यासाठी खरेदी विभागालाही या प्रवासात सोबत घ्यावे लागेल.

शेवटी, चूक सांगणाऱ्याला अभय हवे. जुन्या शाखेत ताळा जुळला नाही, तर शाखाधिकारी कोट काढून, बाह्या सरसावून स्वतः व्हाउचरे चाळायला बसत. कोण चुकले हे नंतर. आधी फरक सापडला पाहिजे, अशी ती रीत होती. ज्या शाखेत शाखाधिकारी आरडाओरडा करीत, तेथे फरक ‘जुळवून’ टाकण्याची युक्तीही जन्म घेई, हेही जुन्या माणसांना ठाऊक आहे. संगणकाच्या कामातही नेमके हेच दोन मार्ग आहेत. कोणता मार्ग धरायचा, हे संगणक ठरवीत नाही. वरिष्ठांच्या वागण्यावरून ते ठरते.

ग्राहकाला ‘अजाइल’, ‘स्क्रम’ वा ‘कानबान’ यांतील एकही शब्द माहीत असण्याचे कारण नाही. पगाराच्या दिवशी खाते उघडावे, मुलीच्या शुल्काचे पैसे वेळेवर पोचावेत, आजोबांचा दाखला पहिल्या फेरीत स्वीकारला जावा, एवढीच त्याची अपेक्षा असते. या साध्या अपेक्षांमागे कुठल्याशा शहरात काम करणारा एक लहान गट असतो, आणि त्या गटातील कुणीतरी वेळेवर ‘साहेब, हे जुळत नाही’ असे म्हणण्यावर पुष्कळ काही अवलंबून असते. ते वाक्य निर्भयपणे म्हणता यावे आणि ते ऐकताच साहेबांनी खुर्ची ओढून शेजारी बसावे. एवढे घडले, तर पद्धतीचे नाव काहीही असले तरी चालेल.